नववी फेरी

इनासच्या बलकांवात, रविवारी दुपारी,
आम्ही चोडणवर बसून दुसरंच एक जुवें लढवतो.
नकाशा सुर्लकर मास्तरांचा: जुन्या सर्व्हेच्या कागदावर
हाताने आखलेले षटकोन, काही पाच बाजूंचेच झालेले.
सोंगट्या लग्नपत्रिकांच्या पुठ्ठ्याच्या,
माझ्या एका तोफेच्या पाठीवर अजून 'श्री गणेशाय' आहे.
फासे लुडोतले.

मांडणीच्या कागदावर, शेवटून दुसरी ओळ:
'नवव्या फेरीअखेर मानशीचा ताबा ज्याच्याकडे, तो जिंकला.'
ती वाचून आम्ही सुरुवात केली होती,
माना हलवत, जणू कळलंच आहे.

आता नववी. मानशीच्या फळ्यांवर
माझ्या तीन सोंगट्या. भोवती सगळा इनास.
बांध त्याचा, वाट त्याची, मिठागरं त्याची,
तांदूळ आणणारी माझी होडी
तिसऱ्याच फेरीत खारफुटीत अडकलेली.
पाय माझे आहेत तिथे, मी म्हणतो.
दार उघडून दाखव, तो म्हणतो.

रसद तुटलेली तुकडी 'धरू नये' असं पान तीनवर आहे.
धरू नये म्हणजे मोजू नये, की पकडू नये?
आणि अखेर कधी? त्याची चाल संपली की,
दोघांची संपली की, की भरतीचा फासा पडल्यावर?
कारण पाच किंवा सहा पडले तर माझे तिघेही बुडतात,
आणि बुडालेल्यांचा ताबा असतो का
हे मास्तरांनी कुठेच लिहिलेलं नाही.

फोन केला. मास्तर हल्ली बेळगावला, लेकीकडे.
मागे कुकरच्या शिट्ट्या. सगळं ऐकून घेतलं,
मग म्हणाले, 'ताबा म्हणजे ताबा.'
जरा थांबून, 'मजा आली ना पण?'
इनासने फोन माझ्याकडे दिला, गरम वाडगा द्यावा तसा.

मी एकतीस वर्षं मामलेदार कचेरीत हा शब्द लिहिला.
रकाना सातवा. शेजारी बोटभर जागा, हो किंवा नाही.
भाटकार कागद आणायचे, मुंडकार साक्षीदार,
कुणी माडांच्या पावत्या, कुणी विजेचं बिल,
एकाने तर कुत्रं आणलं होतं,
ते कुणावर भुंकत नाही बघा, म्हणून.
आणि ती म्हातारी एश्पेरांस.
घराचा ताबा कुणाचा, विचारलं.
'उदक चडटा तेन्ना भितर हांव आसतां,' ती म्हणाली,
'भाटकार ना.'
साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मी रकान्याकडे.
बोटभर जागेत ते मावेना.
मी काय लिहिलं ते आठवत नाही.
आठवतं. इनासला सांगितलेलं नाही.

भरतीचा फासा कुणी टाकला नाही.
लुर्दिनने येऊन नकाशावर जाळी पालथी घातली,
तळलेल्या बांगड्यांवर घालते तीच,
आणि म्हणाली, गुरुवारी मला टेबल लागेल.

धक्क्याकडे जाताना खरी मानस लागते.
तिथे कुणी पहारा देत नाही.
भरती येते नि दार ढकलून आपणच लावून घेते,
ओहोटी आली की तेच पाणी उघडतं.
मी फळीवर उभा राहिलो, दोन्ही पायांनी.
खाली पाणी लाकडाला कान लावून होतं.
कुणी मला मोजलं नाही.

धक्क्यावरचा शाबा दर रविवारी विचारतो, 'आज कोण?'
म्हटलं, नववी फेरी अजून संपली नाही.
'नववी बिववी ठाऊक नाही,' तो म्हणाला, 'ही शेवटची.
चढायचं तर चढा. मग सकाळीच.'
मी चढलो. बांधावर लांब
एका स्कूटरचा दिवा दिसत होता,
येतोय की जातोय, कळेना.
शाबा दोर हातात धरून उभा राहिला.